क्लचच्या पेडलाचा जमाखर्च

घाटकोपर किंवा मुलुंडहून काळबादेवी, मशीद बंदरकडे रोज स्वतः गाडी चालवीत जाणाऱ्या व्यापाऱ्याचा डावा पाय दिवसभरात किती वेळा क्लचवर पडतो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. बोरिवलीकराला पश्चिम द्रुतगती महामार्गावर आणि अंधेरीकराला साकीनाक्याच्या चौकात हाच अनुभव येतो. गाडी दहा पावले पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. पन्नाशी उलटल्यावर गुडघा कुरकुरू लागला, की घरात दोन मते निघतात. वडील म्हणतात, पेडल हलके करून घ्यावे. तरुण मुलगा म्हणतो, पेडल ढिले लागते, ते घट्ट आणि नेमके करून घ्यावे. गॅरेजमध्ये दोघांचेही काम करून मिळते. तथापि, पैसे मोजण्यापूर्वी या व्यवहारातील जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहणे इष्ट.

उपनगरांचे मोटारीशी असलेले नाते जुने आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्यास उभा राहिला. तेथे तयार झालेली पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी परिचित झाली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या पिढीचे चालक क्लच ‘पायाने ऐकतात’ असे म्हटले जाई, ते खोटे नव्हते. पेडलाची जाण हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नसून, चाकाला शक्ती नेमकी केव्हा मिळते हे चालकाला तीच सांगते.

क्लच दाबण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या लहान गाड्यांत पेडलापासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जाते. इनोव्हा, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांत मात्र द्रवाचा दाब वापरतात. पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या द्रव ढकलतो. तो द्रव नळीतून स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाऊन तेथील दट्ट्या हलवितो आणि क्लच प्लेट सुटी होते. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांस सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम येथे कामास येतो.

आता हिशेब पाहू. उदाहरणादाखल मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्हचा २० मिलिमीटर धरला, तर स्लेव्हचे क्षेत्रफळ सुमारे दीडपटीहून थोडे अधिक भरते. मास्टरचा दट्ट्या २० मिलिमीटर सरकला, तर स्लेव्हचा १२.८ मिलिमीटर सरकेल. आता मास्टर बदलून १४ मिलिमीटरचा बसविला, तर पेडलावरील जोर सुमारे २३ टक्क्यांनी कमी लागेल. वडिलांचा गुडघा सुखावेल. परंतु स्लेव्हची चालही नेमकी तितकीच घटून ९.८ मिलिमीटर राहील. तेवढ्यात प्लेट पूर्ण सुटली नाही, तर गिअर कर्कश आवाज करीत पडेल आणि गिअरबॉक्स झिजेल. उलट, मुलाच्या आवडीने १८ मिलिमीटरचा मास्टर घातला, तर पेडल आखूड चालीचे आणि नेमके वाटेल. पण जोर सुमारे २७ टक्क्यांनी वाढेल आणि स्लेव्हची चाल मर्यादेबाहेर गेल्यास प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर ताण येईल. जोर आणि अंतर यांचा गुणाकार कायम राहतो. एका खात्यात जमा केलेली रक्कम दुसऱ्या खात्यातून वजा होतेच.

दुसरा बदल नळीचा. मूळ रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते आणि पेडल मऊ लागते. पोलादी जाळीचे आवरण असलेली नळी कमी फुगते. काही गाड्यांत द्रवाचा वेग रोखणारा लहान छिद्राचा झडपवजा भाग बसविलेला असतो. तो काढल्यास क्लच चटकन जोडला जातो. पण तो भाग नवख्या चालकाच्या धक्क्यापासून गिअरबॉक्सला वाचविण्यासाठीच असतो. एकच गाडी मालक, मुलगा आणि पगारी ड्रायव्हर असे तिघे चालवीत असतील, तर तो काढणे शहाणपणाचे नाही.

सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना द्रव एकाच डबीतून मिळतो. क्लचच्या जोडणीत हलगर्जीपणा झाला, चुकीचा द्रव मिसळला, किंवा गळती राहिली, तर त्याची झळ ब्रेकलाही लागू शकते. डॉट ३ व डॉट ४ हे द्रव ग्लायकॉलवर्गीय असून हवेतील ओलावा शोषतात. त्यात सिलिकॉनचा डॉट ५ मिसळू नये. डॉट ४ साठी ठरविलेला किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येतो. मुंबईच्या पावसाळी हवेत ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही.

म्हणूनच क्रम असा ठेवावा. प्रथम जुना द्रव बदलून नळीतील हवा पूर्ण काढून घ्यावी. पुष्कळदा पेडलाचा ढिलेपणा एवढ्यानेच जातो. पेडल जड झाले असेल, तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि काट्याचे टेकण तपासावे. प्लेट झिजत गेली, की स्प्रिंगचा कोन बदलून पेडल जड होऊ लागते. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत बसविलेला असल्यास तो बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरीचा अंदाज आधीच लेखी घ्यावा. हे सर्व करूनही समाधान न झाल्यासच सिलिंडर बदलण्याचा विचार करावा, आणि तत्पूर्वी वॉरंटीच्या अटी वाचून विमा कंपनीस लेखी विचारावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर बंधने घालते, हेही ध्यानी असावे.

व्यापारी माणूस माल घेताना भावाबरोबर वजनही पाहतो. येथे हलक्या पेडलाचे वजन म्हणजे स्लेव्हची घटलेली चाल. मेकॅनिकला एवढेच विचारावे : ‘बदल केल्यावर प्लेट पूर्ण सुटेल ना? किती मिलिमीटर चाल राहील?’ उत्तर आकड्यांत मिळाले नाही, तर तूर्त जुने ब्रेक ऑइल बदलून गाडी घरी न्यावी.