बाटलेला रामेन

आमचे एक स्नेही नुकतेच टोकियोची वारी करून आले. फुजी पर्वत कसा दिसला, असे विचारावे, तर गृहस्थ एका खानावळीवरच घसरले! तिथे म्हणे रामेनच्या वाडग्यात टोमॅटोचा रस्सा, आणि वर इटालियन थाटात किसलेले चीज. "जपान्यांनी आपला रामेन बाटवला हो!" असा त्यांचा टाहो.

बाटवला? पण तो सोवळ्यात होता कधी? रामेनचे मूळ चीनमधले. १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात 'रायरायकेन' हे दुकान निघाले, तेव्हा त्याचे आचारी योकोहामाहून आणलेले चिनी होते, आणि लोक त्या पदार्थाला 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया, म्हणत. तिकडे इटलीचा टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. सोळाव्या शतकात तो युरोपात उतरला, आणि पास्त्याच्या पंगतीत बसायला त्याला आणखी दोनशेहून अधिक वर्षे लागली. वधूवरांची दोन्ही कुळे अशी आधीच मिसळलेली असताना आमच्या स्नेह्यांनी पत्रिका कशाला पाहावी?

शिवाय हे लग्न ओढूनताणून जुळवलेले नाही. १९०८ साली इकेदा किकुनाए या शास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. तेच ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोत आहे, पार्मेजान चीजमध्ये तर भरपूर आहे. जपानी रस्सा आणि इटालियन चीज यांची ओळख जिभेला तत्काळ पटते, ती उगीच नव्हे.

म्हणून वाटेल ते वाटेल त्यात कालवावे, असे आम्ही म्हणत नाही. रामेनच्या शेवयांचा लवचीकपणा क्षारयुक्त पाण्यामुळे येतो, पास्त्याचा कणखरपणा कठीण गव्हाच्या रव्यामुळे. कुणाचा गुण कशात, हे न जाणता केलेली मिसळ ही भेसळच. किंमत चढवण्यासाठी चार थेंब सुगंधी तेल शिंपडणाऱ्या आचाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही. पण मग 'चव बिघडली' म्हणा. 'धर्म बुडाला' म्हणू नका. कारण दुसऱ्याच्या ताटात डोकावणारी नजर ताटापाशी थांबत नाही. आज ती रश्श्यात काय घालायचे ते ठरवते, उद्या पंगतीत कुणाला बसवायचे तेही ठरवते. हा अनुभव आपल्याला नवा आहे काय?

हेच स्नेही दर एकादशीला निष्ठेने उपास करतात. पानात साबुदाण्याची खिचडी. त्यातला साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची हे चौघेही मूळचे अमेरिकेचे! एवढी परदेशी मंडळी पोटात घेऊन ज्यांची एकादशी मोडत नाही, त्यांनी चिमूटभर चीजसाठी जपानच्या धर्माची चिंता वाहावी, ही मोठीच गंमत.

या दिवाळीत त्यांना आमच्याकडे फराळाला बोलावले आहे. बटाट्याचा चिवडा मुद्दाम केला आहे. सोवळ्यात तळला आहे, असेही सांगणार आहोत.