नोंद आमची, संमती कुणाची?



सॉफ्टवेअर पक्के होण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती काहीजणांना वापरायला देतात. कुठे अडले, काय दाबले याची नोंद आपोआप कंपनीकडे जाते. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची अशी आवृत्ती काढली. टाइप केलेली अक्षरेही गोळा होऊ शकतील, असे तिच्या अटींतच होते. पण ती घ्यायची की नाही, हे वापरणाऱ्याच्या हाती होते.

चिंचवडच्या वस्त्यांतल्या अंगणवाडीताईला ही मुभा कुठे आहे? २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आले, तेही इंग्रजीतून. निकृष्ट फोन आणि न कळणारी भाषा यांना कंटाळून त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. कच्चेपणाचा भार त्यांनी सोसला. नोंद मात्र गरोदर बायांची आणि बाळांची होत राहिली. २०२५ पासून तर घरी न्यायच्या आहारासाठी बाईचा चेहराही पडताळला जातो.

काळजीच्या नावाखाली बाईवर नजर ठेवणे आपल्याला नवे नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. नकार दिला तर आहार तुटणार असेल, तर त्या होकाराला मी संमती म्हणणार नाही.

म्हणून प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत विचारावे : काय नोंदवता? कुणाला देता? आहार आणि मानधन न गमावता नकार कसा द्यायचा? मिळालेली उत्तरे आम्हाला जरूर कळवा.