लागरचे तळघर आणि मोहाचे फूल

१/ ‘लागर’ या बिअरचे नाव साठवणुकीच्या अर्थाच्या जर्मन शब्दावरून पडले. ही बिअर थंड तळघरात कित्येक आठवडे मुरते. घरी करणारे मग बाटलीत चिमूटभर साखर घालून ती बंद करतात. उरलेले यीस्ट आतच फेस निर्माण करते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील मद्य मात्र असे साठवले जात नसे. का, ते पाहू.

२/ कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे १८७० च्या दशकात येईपर्यंत लागरची भिस्त हिवाळ्यातील बर्फावर होती. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंश ओलांडतो. येथील साठवण होती वाळलेल्या मोहफुलात.

३/ मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळालेली फुले वेचून उन्हात वाळवतात. ती महिनोन्महिने टिकतात. भिजवून आंबवली की सडवा होतो. सडवा तापवून वाफ थंड केली की दारू. हेच फूल टंचाईच्या दिवसांत अन्नही असते.

४/ हे कोठार राज्यकर्त्यांनी अचूक हेरले. मुंबई इलाख्यात १८९२ च्या मोहरा कायद्याने दारूसोबत फुलावरही बंधन आणले. चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता. पुढे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा येथेही लागू झाला, आणि फूल बाळगणारे घर संशयित ठरले. हे निर्बंध २०२१ मध्ये शिथिल झाले.

५/ दुसरी बाजूही तितकीच खरी. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. दोन्हीमागे स्त्रियांचा मोठा रेटा होता. मोडलेले संसार त्यांनी पाहिले होते. संस्कृतीचे नाव पुढे करून त्यांची हेटाळणी करणे अन्यायाचे आहे.

६/ आता वारे पालटले आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत आणले. उद्या ती बाटली येथेही येईल. तिच्यावर नाव कोणाचे असेल?

७/ उत्तर १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. मादक पदार्थांवर बंदी वा नियंत्रण आणण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, या दोन्ही गोष्टी त्यात ग्रामसभा व पंचायतींकडे सोपवल्या असून त्या एकाच कलमात एकाखाली एक लिहिल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज विकण्याचा हक्कही मान्य केला.

८/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अनुसूचित क्षेत्रात फुले वेचणाऱ्या स्त्रिया ज्या ग्रामसभेत बसतात, तिनेच ठरवावे: दारू नको, फुलांचे लाडू विकायचे, की गावाच्या नावाची बाटली काढायची. त्या सभेला वगळून मुंबईत दिलेला परवाना आणि मुंबईतून लादलेली बंदी यांत फुले वेचणारीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्ही वेळा तिचे कोठार दुसऱ्याच्या कुलपात जाते.