स्लॅब टाकण्यापूर्वी धुराची वाट

आमच्या गावच्या घराला धुराडे नव्हते आणि त्याची उणीव कोणास भासतही नसे. कारण चुलीतून उठणारा धूर वाशांना, आढ्याला आणि शिंक्याला काजळीचा लेप देत अखेर कौलांच्या असंख्य फटींतून आपणच बाहेर पडे. त्या धुरात टांगलेल्या मक्याच्या कणसांना कीड लागत नसे, हेही खरे; परंतु चुलीपुढे बसणाऱ्या आजीचे डोळे आयुष्यभर त्या सोयीची किंमत मोजीत राहिले. देशावरच्या माळवदात धूर बाहेर सोडण्याचे काम छतातले साणे करी. आता कौले उतरली, माळवदे पडली, त्यांच्या जागी सिमेंटचा सलग स्लॅब आला, आणि ज्या धुराला शंभर वाटा होत्या त्याला एकही उरली नाही.

चूल मात्र उरली आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला, घरोघर सिलिंडर पोहोचले, हे मी मोलाचे मानतो. तथापि अंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण आणि पाहुणे आले म्हणजे लागणारी भाकऱ्यांची चवड ही कामे पुष्कळ घरांत आजही सरपणावरच होतात, आणि ती होतच नाहीत असे गृहीत धरून घर बांधणे मला अन्यायाचे वाटते. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलास किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरलेले असून त्यात आरोग्यदायी स्वयंपाकाच्या जागेची तरतूद आहे. त्या तरतुदीस धुराच्या मार्गाचे एक कलम जोडावे आणि तो मार्ग स्लॅब टाकण्यापूर्वी नकाशावर आखला जावा, एवढीच माझी मागणी आहे.

धूर चढतो तो हलका असतो म्हणून. ३० अंश सेल्सिअसच्या हवेहून १३० अंशांची हवा सुमारे चतुर्थांशाने हलकी असते. अशा ऊन धुराला नळीतून जितके उंच आणि सरळ चढू द्यावे तितकी त्याची ओढ वाढते, आणि चुलीच्या तोंडाशी रेंगाळणारा धूरही ती आपल्याबरोबर घेऊन जाते. नळी आडवी वळविली की ही ओढ मंदावते, धूर वाटेतच निवतो, आणि काजळीबरोबर डांबरासारखा चिकट थर आत बसू लागतो, जो पुढे एखाद्या दिवशी नळीतच पेट घेतो. आपल्याकडे शिरस्ता उलटा आहे: आधी सोयीच्या कोपऱ्यात चूल मांडावयाची आणि मग तुळई चुकवीत नळीला कोपरामागून कोपर जोडावयाचे. त्याऐवजी नळी छतातून कोठे निघावी हे प्रथम ठरवावे, तेथून ओळंबा खाली सोडावा, आणि तो जेथे टेकेल तेथे चूल मांडावी. सळया बांधतानाच तेथे नळीहून रुंद असे भोक राखले, तर पुढे छिन्नीने स्लॅब फोडण्याची आणि त्यातून पावसाळाभर गळती सोसण्याची पाळी येणार नाही.

भिंतीतून वळचणीखाली काढलेली नळी हा तर मार्गच नव्हे. वारा फिरला की तो धूर आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येतो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत धुराडे छताच्या वर किमान ३ फूट, आणि भोवतालच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याहूनही २ फूट वर काढण्याचा दंडक आहे. एकेरी पत्र्याच्या उघड्या नळीपासून लाकूड १८ इंच दूर ठेवण्यासही ते सांगतात. हे अंतर आपल्या लाकडी माळ्यांना व गवताने शाकारलेल्या पडव्यांना तर अधिकच लागू आहे. शिवाय आपल्या गच्चीवर उन्हाळ्यात माणसे निजतात, पापड-कुरडयांची वाळवणे पडतात. तेव्हा येथे धुराडे पुरुषभर उंचीच्याही वर न्यावे, असे मी म्हणेन.

हा विचार नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीने मगन चूल घडविली, हैदराबादेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वयंपाकघराचा ध्यास घेतला, आणि १९८३ पासून २००२ पर्यंत चाललेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने देशभर कोट्यवधी चुली वाटल्या. त्यांतल्या कित्येकींना अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळ्या होत्या, ज्यांचे तंतू फुफ्फुसांस घातक ठरतात. भाजलेल्या मातीची किंवा पत्र्याची नळी त्याहून केव्हाही बरी. परंतु नळीच्या जातीहून अधिक नुकसान दुर्लक्षाने झाले. चूल बसविली की जबाबदारी संपली असे मानले गेले, नळ्या काजळीने तुंबल्या, धूर घरात परतला, आणि स्त्रियांनी कंटाळून त्या उपटून टाकल्या. त्यांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. शिडी, लांब दांड्याचा कुंचा आणि तो चालविणारा हात यांची तजवीज कोणी केली होती?

म्हणून नळीच्या तळाशी काजळी काढण्याचे झाकणाचे तोंड असावे, माथ्यावर पावसाची टोपी सहज निघेल अशी बसवावी, आणि मृगापूर्वी एकदा धुराडे झाडण्याचे काम स्वयंपाक करणारीच्या माथी न मारता, गटारांच्या सफाईप्रमाणे, ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदून पंचायतीच्याच खर्चाने व्हावे.