दाम खेळाडूचा, हुकूम कंपनीचा!

एकदा माप होऊन दाम हातात पडला की शेतकरी त्या कापसावर पुन्हा हक्क सांगत नाही. आदिलाबादच्या कापूसबाजारात हा न्याय निरक्षर माणसालाही ठाऊक आहे. मोबाइलवरील खेळांच्या बाजारात मात्र तो उलटा टांगला गेला आहे. तेथे पैसे मोजतो खेळाडू आणि मालकी राहते कंपनीची! बेला-जैनथपासून किनवट-पांढरकवड्यापर्यंतची आमची मुले खेळातील पोशाख, शस्त्रांचे रंग आणि 'हिरे' रोख रक्कम देऊन घेतात. परंतु ज्या करारावर ती न वाचताच 'मान्य' म्हणून बोट टेकवतात, त्यात सामान्यतः स्पष्ट लिहिलेले असते की, ही विक्री नव्हे, केवळ वापराची परवानगी आहे आणि ती काढून घेण्याचा अधिकार कंपनीचा आहे.

ही भीती काल्पनिक आहे काय? सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला तो खेळ भारतात पुरता थांबला. खेळाडूंनी विकत घेतलेल्या वस्तू एका रात्रीत निर्जीव झाल्या. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, तेव्हा जुन्या वस्तू तिकडे नेण्याची सवलत मिळाली. पण ती मिळाली कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे! युरोपातही निराळे घडले नाही. 'द क्रू' हा पैसे देऊन घेतलेला खेळ युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी कायमचा बंद केला. फरक एवढाच की तेथील खेळाडू हात जोडून बसले नाहीत. २०२५ साली त्यांनी दहा लाखांहून अधिक सह्या जमवून युरोपीय संघाच्या दारावर धडक दिली.

आम्हा सीमावासीयांच्या वाट्याला तर या अन्यायाची आणखी एक तऱ्हा आली. जून २०१७ मध्ये तेलंगणाने वटहुकूम काढून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमीवर बंदी घातली. महाराष्ट्रात ती चालू राहिली. कंपन्या फोनचे ठिकाण पाहून दार उघडू वा लावू लागल्या. पैनगंगेच्या अलीकडे जो गुन्हा, तोच पलीकडे व्यापार! नदी तीच, भाषा तीच, सोयरीकही तीच. कायदे मात्र दोन! ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती! त्या खेळांनी संसारांची जी धूळधाण केली, ती पाहता या कायद्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु दिल्लीला मनात आले की तीन दिवसांत दोन्ही तीर एका कायद्याखाली येतात, मग १९५६ पासून तिष्ठत पडलेल्या सीमाप्रश्नालाच मुहूर्त का सापडत नाही, हे विचारल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

असो. या कायद्याने पैज थांबवली. खरेदी केलेल्या वस्तूवर खेळाडूचा हक्क कोणता, हा प्रश्न तसाच राहिला. खेळ रचणाऱ्यांच्या श्रमांचे मोल आम्ही जाणतो. यंत्रे चालवायला पैसा लागतो आणि कोणताही खेळ अनंतकाळ चालत नाही, हेही खरे. पण दुकान बंद करणारा वाणीसुद्धा उधार-उसनवार चुकती करून कुलूप लावतो! म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. करार मराठीत व तेलुगूत द्या. आपण मालकी विकत नाही, परवानगी विकतो, हे पैसे घेण्यापूर्वीच ठळकपणे सांगा. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून तसा कायदाच लागू केला आहे. खेळ बंद करायचा असेल तर आधी पुरेशी सूचना द्या आणि नजीकच्या काळातील खरेदीचे पैसे परत करा.

आमच्या तरुणांनीही डोळे उघडावेत. बापाने कापूस विकून आणलेला पैसा परवानगीच्या चिठ्ठीवर उधळू नये. फसवणूक झाली तर गप्प बसू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार गुदरण्याचा अधिकार दिला आहे, आणि वाजवी कारणावाचून एकतर्फी मोडता येणारा करार त्या कायद्याने अन्याय्य करारांत गणला आहे. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगापुढे नेता येते.

ज्याच्याकडून वसुली करायची त्याला निर्णयात मात्र विचारायचे नाही, ही रीत आम्ही सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या भोगत आहोत. कर भरणारा प्रजाजन असो वा पैसे भरणारा खेळाडू, ज्याचा दाम त्याचा शब्दही ऐकला गेलाच पाहिजे!