बधिरतेची साक्ष

मुंबई गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरील सतरावा खंड (1884) आपले अभ्यासक वारंवार उद्धृत करतात, तो किल्ल्यासाठी, चांदबिबीसाठी, फार तर दुष्काळांसाठी. आरोग्याच्या प्रकरणाकडे सहसा कोणी फिरकत नाही. तेथे 1881 च्या जनगणनेवरून वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे हिशेब मांडलेले आहेत. जिल्ह्याचे नाव 2024 साली बदलले. त्या रकान्यांतील माणसे मात्र होती तेथेच आहेत.

रकान्यात गेलेला माणूस मुका होतो, हे अलीकडच्या समीक्षेचे लाडके गृहीतक. एकोणिसाव्या शतकातील कुष्ठरुग्णांविषयीचे सारे वैद्यकीय लेखन म्हणजे वसाहतवादी सत्तेची ‘नजर’, तीत रुग्ण केवळ वस्तू, तेव्हा हे कागद वाचायचे ते सत्तेचा पंचनामा करण्यापुरते, असे आपल्याला सांगितले जाते. हे मत रुग्णाच्या कैवाराचे दिसते. माझ्या मते ते त्याची साक्ष पुन्हा एकदा फेटाळते.

जनगणनेच्या तक्त्याविषयी हे म्हणणे मान्य करावे. पण तक्ता वेगळा आणि रुग्णाची तपासणी वेगळी. ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाइक कार्टर 1858 साली मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवले, साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले, नॉर्वेतील कुष्ठालये पाहिली आणि 1874 साली कुष्ठरोगावरील आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आज चर्चा होते ती त्यातील चित्रांची. कार्टरचे खरे काम मात्र मज्जातंतूंवरचे आहे: नसा जाड होतात आणि त्वचा बधिर होते, याचा त्याने पाठपुरावा केला.

आता बधिरता ही अशी गोष्ट आहे की ती चित्रकाराला दिसत नाही. चट्टा दिसतो, झडलेले बोट दिसते. स्पर्श कळतो की नाही हे ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्यालाच ठाऊक. म्हणून त्याला डोळे मिटायला सांगायचे, हलकेच स्पर्श करायचा आणि विचारायचे. त्याच्या ‘हो’ आणि ‘नाही’वरून शरीराचा नकाशा तयार होतो. अर्थात चट्टा प्रथम कधी उठला, घरात आणखी कोणाला रक्तपिती आहे, हेही त्यालाच विचारावे लागते. या उत्तरांवर ज्ञानाची इमारत उभी आहे. ती देणाऱ्याला मुका कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शिवाय ही उत्तरे फुकटची नव्हती. 1893 साली प्रसिद्ध झालेल्या लेप्रसी कमिशनच्या अहवालाने संसर्गाचे प्रमाण दुर्लक्ष करण्याइतके अल्प मानले होते. तरीही 1898 चा कायदा आलाच, आणि तो लागू होता भिकाऱ्यांना, निराधारांना. घरदार असलेला कुष्ठरोगी घरी राहू शके. रस्त्यावरच्याला पोलीस पकडून आणीत आणि वैद्यकीय दाखल्याच्या आधारे त्याची रवानगी आश्रयस्थानात होई. अशा वेळी ‘येथे काही कळत नाही’ असे म्हणणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. तेव्हा या नोंदींत खोटेपणा, आडपडदा, चतुराई असणारच. ती शोधणे हे वाचकाचे काम आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे शिकवावे लागू नये.

येथे हॅरी अ‍ॅकवर्थची आठवण होणे अपरिहार्य आहे. मराठी वाङ्मयेतिहास त्याला मोठ्या आदराने ओळखतो, कारण शंकर तुकाराम शाळिग्रामांसह त्याने ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ (1891) हा संग्रह सिद्ध केला. हाच अ‍ॅकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता आणि 1890 साली माटुंग्याचे बेघर कुष्ठरोग्यांसाठीचे आश्रयस्थान त्याच्याच पुढाकाराने सुरू झाले. आमच्या लेखी हे दोन जणू निराळे गृहस्थ! पहिला वाङ्मयाच्या इतिहासात, दुसरा सार्वजनिक आरोग्याच्या. शाहिराचे बोल मिळवताना शब्द जपला गेला, कारण तो शब्द म्हणजे ‘वारसा’. मराठी रुग्णाचे उत्तर वैद्यकाच्या इंग्रजीत गेले, आणि त्यातून मराठी काढून घेण्याची निकड आपल्याला वाटत नाही.

ही निकड वाटायची तर ‘नजरे’चा सिद्धान्त घटकाभर बाजूला ठेवावा लागेल. नावे झाकून, पण उत्तरे न झाकता, जुन्या रुग्णनोंदी मराठीत आणाव्या लागतील. आणि कोठे डॉक्टरचे वाक्य संपते व कोठे रुग्णाचे सुरू होते, हे ओळीओळीने ठरवावे लागेल. हे काम किचकट आहे, त्यात कीर्ती नाही आणि परिसंवादात टाळ्याही नाहीत.