आधीं महिना, मग मुलूख

वार्षिक परीक्षेचें वेळापत्रक घरांत आलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ दुसराहि एक विषय घरांत शिरतो. यंदाच्या सुट्टींत मुलांना घेऊन कोठें जावयाचें? पूर्वीं या प्रश्नास उत्तर एकच असे, आणि तें म्हणजे आजोळ. हल्लीं आजोळ बहुधा त्याच शहरांत, दोन रस्ते ओलांडून असतें. आणि मुलांना तर समुद्र हवा असतो. मग धाकटे दीर बालीचें नांव काढतात, थोरल्या जाऊबाईंना लंका पाहावयाची असते, सासूबाई म्हणतात, "आपलें कोंकण काय वाईट आहे?" आणि मामंजींचा आग्रह असा कीं, अंदमानांतील सावरकरांची कोठडी मुलांना एकदां तरी दाखविलीच पाहिजे. चार रात्रीं जेवणानंतर वाद चालतो आणि शेवटीं ज्याच्या मोबाईलवरील चित्र अधिक निळें, त्याचें बेट ठरतें.

या वादांत आम्ही कोणाचीहि बाजू घेणार नाहीं. कारण चौघांचेंहि म्हणणें बरोबर ठरूं शकतें. प्रश्न एवढाच कीं, कोणत्या महिन्यांत? ज्या घरांत शाळेंत जाणारीं मुलें आहेत त्या घराची रजा शाळेनें आधींच ठरवून टाकलेली असते. दिवाळी, नाताळ आणि मे असे तीन काळ, चौथा नाहीं. तेव्हां महिना हातीं धरून त्याला साजेसा मुलूख शोधावयाचा, कीं मुलूख आधीं पसंत करून मिळेल त्या महिन्यांत तेथें जाऊन पडावयाचें, एवढाच काय तो निवाडा आहे.

आम्ही भूगोल शिकवीत असूं तेव्हां 'उष्ण कटिबंध' हा शब्द उच्चारला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें दूरचीं माडांचीं बेटें उभीं राहत. कर्कवृत्त गुजरात व मध्यप्रदेश यांतून गेलें आहे, अर्थात् आपला सबंध महाराष्ट्र उष्ण कटिबंधांतच बसला आहे, हें सांगितलें म्हणजे वर्गांत मोठा हंशा पिके. या कटिबंधांत ऋतु ठरतो तो मुख्यतः वाऱ्यावरून. उन्हाळ्याच्या अखेरीस वारा नैर्ऋत्येकडून वाहूं लागतो व हिवाळ्यांत ईशान्येकडून; ज्या किनाऱ्यावर वारा समोरून येतो तो किनारा त्या काळापुरता मुलांच्या कामाचा नाहीं. लंकेचेंच पाहा. मे ते सप्टेंबर या अवधींत गॉल, मिरिसा या बाजूचा नैर्ऋत्य किनारा पावसानें झोडपलेला असतो व समुद्र खवळलेला असतो. त्याच वेळीं मधल्या डोंगरांच्या आडोशास असलेला त्रिंकोमालीकडील पूर्व किनारा कोरडा आणि शांत असतो. नाताळांत हेंच सर्व उलटें. बेट तेंच, भाडें तेंच; परंतु एक कुटुंब आनंद करून येतें आणि दुसरें खिडकींतून पाऊस पाहून येतें.

मे महिन्याचा प्रश्न सर्वांत अवघड. आणि लोकांना लांब जावयाचें असतें तेंहि नेमकें याच महिन्यांत. अंदमानांत पावसाळा मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास पोंचतो, केरळांत १ जूनला, कोंकणांत त्यानंतर आठदहा दिवसांनीं. पण त्यापूर्वींच समुद्राचा रंग फिरूं लागतो. शिवाय ऊन! मेच्या मध्यास सूर्य आपल्या अगदीं डोक्यावर येतो. पुण्यास १३ मेच्या सुमारास दुपारीं काठीची सावली नाहींशी होते. अशा उन्हांत तीन वर्षांचें मूल वाळूंत खेळवणें हें लाड नव्हेत. मे महिन्यांत कोंकणांत जरूर जावें, पण तें आंबा, फणस, करवंदें आणि ओटीवरची झोंप यांसाठीं, समुद्रस्नानासाठीं नव्हे.

ज्यांना मे महिन्यांतच समुद्र हवा आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनीं विषुववृत्त ओलांडावें. बाली दक्षिणेस सुमारें ८ अंशांवर आहे व मॉरिशस २० अंशांवर. तेथें आपला उन्हाळा म्हणजे हिवाळ्याचें तोंड. बालींत एप्रिल ते ऑक्टोबर हे कोरडे महिने. मॉरिशसमध्यें वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, तो मेमध्यें सरलेला असतो. म्हणूनच नाताळांत मॉरिशसला जाणें आम्हांस पसंत नाहीं. दक्षिण गोलार्धांत मुलांना घेऊन गेल्याचा आणखी एक लाभ आहे, त्याला पैसे पडत नाहींत. ध्रुवबाळाची गोष्ट घरून सांगून न्यावी आणि तेथें रात्रीं मुलांना अंगणांत उभें करून ध्रुव शोधावयास सांगावें. तो सांपडत नाहीं! जो अढळ म्हणून आजीनें सांगितला तो आकाशांतच नाहीं, तेव्हां मुलें जे प्रश्न विचारतात ते दहा धड्यांनीं सुचत नाहींत. उलट आपल्याकडे मेमध्यें क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकु तेथें चांगला उंच चढलेला असतो.

दिवाळीच्या सुट्टीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. त्या वेळीं तामिळनाडूंत परतीचा पाऊस ऐन भरांत असतो, केरळासहि तो सोडीत नाहीं, आणि बंगालच्या उपसागरांत वादळें होतात. कोंकण व गोवा त्या दिवसांत हिरवे असतात. तेवढ्यावर भागवावें.

आतां पाण्याविषयीं. येथें आमच्या बोलण्यांत थोडा कडकपणा आला तर वाचकांनीं सहन करावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो पावसाळा नव्हता, आणि तीं मुलें महाविद्यालयांतील, हातीपायीं धड अशीं होतीं. आपला पश्चिम किनारा उघड्या समुद्रावर आहे. लाटेला वाटेंत कोणी अडवीत नाहीं. मॉरिशसच्या भोंवतीं बहुतेक ठिकाणीं प्रवाळाचा बांध आहे. समुद्र त्या बांधावर फुटतो आणि आंतलें पाणी तळ्यासारखें उथळ राहतें. बालींत सानूर व नुसा दुआ यांना असाच बांध आहे. त्याच बेटावर कुटा येथें मात्र ओढ जबर असते. 'बाली सुरक्षित आहे काय?' या प्रश्नाला त्यामुळें अर्थच नाहीं. कोणत्या गांवचें पाणी, हें विचारलें पाहिजे. गोव्यांत पाळोळ्याचा अर्धचंद्राकार उपसागर लहान मुलांना मानवतो. बागा-कळंगुटच्या लाटा मानवत नाहींत. गणपतिपुळ्यास दर्शन जरूर घ्यावें; तेथला समुद्र पोहण्यास धोक्याचा म्हणून प्रसिद्धच आहे. प्रवाळाच्या पाण्यांत पायांत रबरी पादत्राण असावें, नाहीं तर तळवे चिरतात. आणि अंदमानांत खाऱ्या पाण्यांतल्या मगरी आहेत, तेव्हां तेथें लावलेल्या पाट्या वाचाव्या.

कोंकणांतील जुनीं माणसें भरतीचा हिशेब तोंडीं करीत, तो आमच्या घरांतून नाहींसा होऊं नये म्हणून येथें देतों. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. सुमारें तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. कृष्णपक्षांत प्रतिपदेपासून पुन्हां मोजावें. भरतीनंतर सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीस सकाळीं नऊपर्यंत पाणी ओसरत असतें, आणि ओसरत्या पाण्यांत मुलांना नेऊं नये. हा हिशेब ढोबळ आहे. शेवटचा शब्द स्थानिक कोळ्याचा. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्यें जो सपाट, शांत पट्टा दिसतो तेथें बहुधा पाणी आंत ओढलें जात असतें. अनोळखी मनुष्य नेमका तेथेंच उतरतो. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे झुंजूं नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस निघावें. हें झालें मोठ्यांसाठीं. लहानांसाठीं नियम एकच: गुडघ्याच्या वर पाणी नाहीं.

एकत्र कुटुंबांत एक मोठा भ्रम असतो. बाराजण बरोबर आहेत, मग मुलांवर लक्ष ठेवावयास माणसांची काय वाण? प्रत्यक्षांत काकूला वाटतें आत्या पाहत आहे, आत्याला वाटतें बाबा पाहत आहेत, आणि बाबा छायाचित्र काढीत असतात. बुडणारें मूल हांक मारीत नाहीं. तें निमूटपणें पाण्याखालीं जातें. म्हणून पाण्याजवळ जातांना एकाचें नांव घेऊन सांगावें: आतां अर्धा तास तुमचा. त्या अर्ध्या तासांत त्या माणसानें मोबाईल दुसऱ्याकडे द्यावा. हॉटेलांतल्या तलावासहि हाच नियम, आणि दंडाला बांधावयाचे हवेचे फुगे म्हणजे राखण नव्हे. वडील मंडळींना हें अपमानास्पद वाटण्याचें कारण नाहीं. घरांतील पूजेचीसुद्धां पाळी असतेच कीं!

अन्नाची गोष्ट बायकांनीं विचारली नाहीं तर कोणी विचारीत नाहीं. लंकेंतील भात-भाजी व नारळ पाहून आपल्या माणसांस घरच्यासारखें वाटतें. परंतु तेथें पुष्कळ भाज्यांत व नारळाच्या चटणींतहि वाळविलेल्या माशाचे तुकडे घालतात, त्यास सिंहली भाषेंत उंबलकड म्हणतात. बालींतील तिखट चटणींत कोळंबीचा कुटलेला गोळा असतो. 'भाजीच आहे' या उत्तरावर समाधान मानूं नये; हा पदार्थ आहे काय, असें नांव घेऊन विचारावें. मॉरिशसमध्यें ही अडचण कमी. तेथें एकोणिसाव्या शतकांत मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत, गणेशचतुर्थीस सरकारी सुट्टी असते, आणि मराठी भाषा शिकविली जाते. आपल्या मुलांनीं परदेशांत जाऊन मराठी आडनांवाच्या मुलाशीं खेळावें, यापरतें दुसरें कौतुक कोणतें? मुंबईहून सुमारें सहा तासांचें विमान. कोलंबोस मात्र अडीच तासांत पोंचतां येतें, आणि मांडीवर मूल असतां हा फरक लहान नाहीं. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो हें ध्यानांत ठेवून दुपारच्या झोंपेसहि मच्छरदाणी लावावी. माकडांना मुलांच्या हातून खाऊ देऊं नये; बालींत व लंकेंत रेबीज आहे.

आमचा स्वतःचा कल विचाराल तर तो असा. घरांतलें सर्वांत लहान मूल पांच वर्षांच्या आंतलें असेल, तर परदेशाचा विचार सोडून नाताळांत कोंकण वा गोवा गांठावा, आणि एकाच गांवीं पांच रात्री राहावें. गुहागरास व्याडेश्वर गांवांत आणि समुद्र त्याच्या मागच्या अंगणांत. ज्यांचें तें कुलदैवत आहे त्या घरांतील आजीला अभिषेक मिळतो व नातवंडांना वाळू. सारस्वत मंडळींना कुलदैवताच्या दर्शनाची सोय गोव्यांत मंगेशीस व शांतादुर्गेस आहे. 'तीन दिवसांत पांच गांवें' अशी जी यादी पुरुषमंडळी करतात, तींत मुलें गाडींत ओकतात आणि वृद्ध पाय चेपीत बसतात. सगळ्यांत लहान मूल दुपारीं कोठें निजेल आणि सगळ्यांत वृद्ध माणूस त्या वेळीं कोठें बसेल, या दोन प्रश्नांना ज्या गांवाचें उत्तर नाहीं तें गांव कितीहि निळें असो, आमच्या यादींत नाहीं.

मुलें दहा वर्षांच्या पुढचीं असतील तर मामंजींचें ऐकावें. डिसेंबरांत किंवा जानेवारींत अंदमानचा समुद्र उत्तम असतो. सावरकर तेथें १९११ पासून १९२१ पर्यंत होते. त्या कोठडीच्या दारांत उभें राहिलेलें मूल तिची लांबीरुंदी स्वतःच्या पावलांनीं मोजूं लागतें, सांगावें लागत नाहीं. मात्र तेथें घड्याळ आपलेंच व सूर्य पूर्वेचा. हिवाळ्यांत पांचच्या सुमारास अंधार पडूं लागतो, तेव्हां दिवसाची आंखणी पहांटेपासून करावी. पोर्टब्लेअरचें नांव २०२४ पासून श्रीविजयपुरम् झालें आहे, आणि हॅवलॉक २०१८ पासून स्वराजद्वीप. तिकिटांवर दोन्ही नांवें दिसतात, गोंधळूं नये. स्वराजद्वीपाची बोट सुमारें दोन तास हलते. ज्यांना मळमळतें त्यांनीं रिकाम्या पोटीं अथवा भरल्या पोटीं चढूं नये, थोडा भात खाऊन चढावें. लक्षद्वीपाचें पाणी याहूनहि शांत, पण तेथें जाण्यास परवाना लागतो व तो आधींपासून मिळवावा लागतो.

आणि ज्यांचें विषुववृत्त ओलांडण्याचें नक्की होत आहे त्यांनीं आजच कपाटांतून मुलांचे पासपोर्ट काढून पाहावेत. मोठ्यांचा दहा वर्षें चालतो, म्हणून मुलांचाहि चालेल असें घरांत समजून चालतात; लहान मुलांचा पांच वर्षांनींच संपतो, आणि बहुतेक देश निघण्याच्या वेळीं तो आणखी सहा महिने चालणारा असावा अशी अट घालतात.